योनाकडचं पाचवं मूल

मंगळवारी सकाळी डॉर्टेने फोन करून मला सांगितलं, की मला तीन वर्षांची एक मुलगी आहे.

"अभिनंदन, सिग्ने," ती म्हणाली. "वीस महिने झाले, पोरगी योनाकडे टाकली आहेस. एकदाही न्यायला गेली नाहीस. कसली आई गं तू?"

मी हसले. डॉर्टे हसली नाही. ती आमच्या नगरपालिकेची पर्यवेक्षिका. फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या, या काठावर ज्या बायका आपापल्या घरात मुलं सांभाळतात, त्यांच्याकडे ती न कळवता जाते. मुलं किती आहेत, काय खातात, बाबागाड्यांचे पट्टे नीट आहेत का, ते बघते. मी त्याच नगरपालिकेत ॲप सांभाळते. मूल किती वाजता आलं, किती झोपलं, काय जेवलं, कोण घेऊन गेलं, हे त्या बायका ज्यात लिहितात आणि आईबाप कामावर बसून वाचतात, ते ॲप.

"नाव योना," डॉर्टे वाचून दाखवायला लागली. "जन्म चौदा नोव्हेंबर. आई म्हणून तुझा नंबर. आज सकाळी माझ्या यादीत लाल झालंय. तीन पूर्ण झाली तरी बालवाडीत नाव नाही, म्हणून. आणि योनाला परवानगी चारच मुलांची, ती चार आधीच आहेत. ही पाचवी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, ते सरावाचं मूल आहे! प्रशिक्षणात केलं होतं आम्ही."

"असेल. मग त्याच्या नावावर चारशे बारा नोंदी कशा?"

मी तो आकडा कागदावर लिहून घेतला.

"हे बघ," डॉर्टे म्हणाली, "शुक्रवारी बारापर्यंत मला कागद वर पाठवायचा आहे. पाचवं मूल खरं असेल तर योनाची परवानगी जाते. खरं नसेल, तर एक बाई वीस महिने खोट्या नोंदी करत बसली होती. आणि त्या जर मुलं बाहेर बाबागाड्यांत झोपलेली असताना, गाड्यांकडे पाठ करून, फोनमध्ये डोकं घालून केल्या असतील, तर मग मी तरी तिला कशी वाचवू? बत्तीस वर्षं करतेय गं ती हे काम. शोध काहीतरी."

वीस महिन्यांपूर्वी गावच्या सभागृहात बारा बायका नवीन फोन हातात धरून माझ्यासमोर बसल्या होत्या. मी पंचवीसची, पहिलीच नोकरी, अंगात भलताच उत्साह. प्रत्येकीला सांगितलं, एक सरावाचं मूल तयार करा, नाव काहीही द्या. कुणी कुत्र्याचं नाव दिलं, कुणी नवऱ्याचं. मागच्या रांगेतल्या योनाला काही सुचेना, म्हणून तिने स्वतःचंच नाव दिलं. जन्मतारीखही स्वतःचीच, फक्त वर्ष बदललं. बाराही मुलांची आई म्हणून मी माझा नंबर घातला आणि येणाऱ्या सूचना बंद करून टाकल्या, नाहीतर फोन दिवसभर किणकिणत राहिला असता. शेवटी सांगितलं, आता आपापलं मूल पुसून टाका. अकरा जणींनी पुसलं. बारावीचं मी तपासलंच नाही.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट मला आठवते. मी मोठ्या अभिमानाने म्हणाले होते, "आता संध्याकाळी दारात उभं राहून प्रत्येक आईबापाला दिवसभराचं सांगत बसायला नको. त्यांनी आधीच वाचलेलं असेल. रोजची दहा मिनिटं वाचतील."

"वाचलेली दहा मिनिटं कुठे जमा होतात?" योनाने विचारलं होतं.

सगळ्या हसल्या. मीही हसले.

योनाला मी तोपर्यंत फारसं ओळखत नव्हते. ओळखणारे सांगतात, की ती आधी बंदरावरच्या कारखान्यात मासे कापायची. मुलगा झाला, ट्रोल्स, तेव्हा बर्फातल्या माशांनी बधिर झालेले हात त्याला लावायला तिला नको वाटायचं. तिने काम सोडलं आणि ट्रोल्सच्या जोडीला शेजारची तीन मुलं घेतली. तिचा नवरा स्वेन्ड बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने घराच्या पूर्वेच्या भिंतीला लागून छप्पर काढलं, वारा पाठीकडून यावा आणि पाऊस आत येऊ नये असं. त्याखाली चार बाबागाड्या ओळीने. थंडी असो, धुकं असो, दुपारी मुलं तिथेच झोपणार, जाड रजयांत, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. बत्तीस वर्षांत एकशे अठरा मुलं त्या छपराखाली झोपून गेली. कोण कानाची पाळी धरून झोपायचं, कुणाला गाडी हलवलेली चालायची नाही, ते तिला आजही विचारा.

तेव्हा प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक निळी वही असायची. योना त्यात चार ओळी लिहायची आणि उरलेलं दारात सांगायची. संध्याकाळी तिच्या दारात मोटारींची रांग लागायची. बुटांचे बंद बांधता बांधता बोलणं व्हायचं. कुणाची सासू आजारी, कुणाची गाय व्यायलेली, कुणाचं नवऱ्याशी बिनसलेलं. पूर्ण वाढलेल्या माणसांशी योनाचं दिवसभरात होणारं बोलणं ते एवढंच, पण तेवढं तिला पुरायचं. नंतर स्वेन्ड घरी यायचा.

चार वर्षांपूर्वी स्वेन्ड वर्कशॉपमध्येच वारला. ट्रोल्स इंग्लंडकडच्या समुद्रात पवनचक्क्यांवर काम करतो आणि रविवारी फोन करतो. आणि वीस महिन्यांपूर्वी मी गेले, ॲप घेऊन.

मंगळवारी दुपारी मी ऑफिसात ती पाचवी मुलगी उघडली. खरं तर मला फक्त वेळा बघायच्या होत्या. कोणती नोंद किती वाजता लिहिली, एवढंच डॉर्टेला हवं होतं, आणि त्यासाठी मजकूर उघडायची गरज नव्हती. मी उघडला.

"जेवण: काळा पाव एक, वर खारवलेला हेरिंग मासा. कॉफी चार कप. सांगून ऐकत नाही. झोप: नाही. मूड: शांत. निरोप: योना आज एका माणसाशी बोलली. तो दीड वर्षाचा आहे. विषय ट्रॅक्टर."

हे तर आम्ही दिलेलेच रकाने होते. जेवण, झोप, मूड, पालकांसाठी निरोप. ती मुलांचे भरायची तसेच तिने स्वतःचे भरले होते, तेवढ्याच नेटकेपणाने.

"जेवण: सूप, कालचंच. झोप: खुर्चीत वीस मिनिटं. मूड: थोडी किरकिर. निरोप: स्वेन्डचा कोट देऊन टाकायला काढला होता. परत ठेवला. काळजीचं कारण नाही."

"निरोप: उद्या येताना लोकरीचे मोजे पाठवावेत. जुन्यांना भोक पडलं आहे."

"मूड: छान. निरोप: पोस्टमन दोन मिनिटं थांबला. त्याच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं."

आणि सगळ्यात वरची, ताजी, चौदा नोव्हेंबरची: "आज योनाचा वाढदिवस. केक नाही केला, एकटीला कशाला. झेंडा मात्र लावायचा होता. दोरी वर अडकली आहे, उतरतही नाही, चढतही नाही."

आमच्याकडे कुणाचाही वाढदिवस असला की अंगणात झेंडा चढतो. योना तर सांभाळायला आलेल्या प्रत्येक मुलासाठी चढवायची. स्वतःच्या दिवशी ती त्या काठीखाली मान वर करून उभी राहिली असेल, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी खाली खाली वाचत गेले. एक्केचाळिसाव्या नोंदीला कधीतरी माझं लक्ष कडेच्या खुणेकडे गेलं. प्रत्येक नोंदीपुढे लहानसा डोळा असतो. पालकांनी वाचलं की तो हिरवा होतो आणि लिहिणारीच्या फोनवर किण् असं वाजतं. ही सोय मीच हट्टाने करून घेतली होती.

एक्केचाळीस डोळे हिरवे झाले होते.

बुधवारी चार वाजून गेल्यावर मी तिच्याकडे गेले. अंगणात झेंड्याची रिकामी काठी, छपराखाली चार गाड्या, रजया झटकून वाळत घातलेल्या. दारात फ्रोडे उभा होता, मागे त्याची मोटार चालूच. फ्रोडे स्वतः लहानपणी योनाकडेच होता. आता त्याची मुलगी अस्ता असते.

"अस्ताने आज दोनदा," योना सांगायला लागली.

"दोनदा वाढून घेतलं! बघितलं मी," फ्रोडे फोन हलवत म्हणाला. "भारीच! चल अस्ता, योनाला टाटा कर. उद्या भेटू."

मोटार गेली. योनाने माझ्याकडे बघितलं. उंच बाई, पांढरे केस आखूड कापलेले, कमरेला बांधलेल्या कापडावर लापशीचे डाग.

"जेवणाचं नव्हते सांगत मी," ती म्हणाली. "पोरीने दोनदा चंद्र दाखवला. भर दिवसा. ॲपमध्ये चंद्राचा रकाना नाही. ये आत. बूट काढ."

स्वयंपाकघरात टेबलावर तिचा फोन पालथा ठेवलेला होता. तिने कॉफी ओतली, एकच कप, आणि मग आठवल्यासारखं करून दुसरा कप काढला.

"एक्केचाळीस वेळा वाजला," ती म्हणाली. "काल दुपारी. वीस महिन्यांत कधी नाही. मुलं उठतील म्हणून पिठाच्या डब्यात ठेवला, तर तिथेही वाजतोय. मला वाटलं, बिघडला." ती समोर बसली. "तू वाचलंस."

"हो."

"सगळं?"

"एक्केचाळीस."

"मग थांबलीस का?"

मी डॉर्टेचं सांगितलं. लाल यादी, पाचवं मूल, शुक्रवार बारा. ऐकता ऐकता तिने दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले.

"मुलं काढून घेतील?"

"नाही घेणार. पण मला वेळा दाखवाव्या लागतील. तू मुलं असताना लिहीत नव्हतीस, हे दिसायला हवं."

"आणि मजकूर?"

"तो लागत नाही. वेळांचा रकाना तेवढा छापते. मजकूर कुणाला दिसणार नाही."

"तुला दिसला की."

मी मान खाली घातली. तिने माझा कप पुन्हा भरला.

"पहिले दोन महिने मी वाट बघितली," मग ती म्हणाली. "तो डोळा हिरवा होतो का, त्याची. मला वाटायचं, ती प्रशिक्षणातली पोरगी कधीतरी उघडेल. मग लक्षात आलं, तिकडे कुणी नाहीच. मग जरा बरंच वाटलं. कुणी नसलं की काय वाटेल ते लिहिता येतं. सहा दिवस कुणाशी न बोलता गेले, तर ते कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच मला हवं होतं. मुलांचं नाही का आपण सगळं लिहीत?"

"अगं, मला फोन करायचास."

"काय सांगून? तुमचं ॲप चांगलं चालतंय म्हणून?"

मी लॅपटॉप काढला. वेळांचा रकाना तिच्यासमोरच उघडला. सोळा बावीस. सोळा एकतीस. सोळा अठरा. शेवटचं मूल घरी गेल्याची नोंद झाली, की पाच-दहा मिनिटांत हिची नोंद. दारातलं बोलणं ज्या वेळेला व्हायचं, तीच वेळ. मी बोट खाली सरकवत गेले आणि एका ओळीवर थांबले.

अकरा बावन्न. फेब्रुवारीतला गुरुवार. कामाचा दिवस, मुलं झोपायची वेळ.

"ही एकच आहे," मी म्हणाले. चारशे अकरा नोंदी कितीही स्वच्छ असोत, डॉर्टेच्या वरचे लोक याच ओळीवर बोट ठेवणार होते.

योनाने चष्मा लावला. तारीख बघून तिला आठवलं असावं, कारण तिने चष्मा लगेच काढला. "उघड."

"उघडलीच पाहिजे असं नाही."

"उघड गं. मी सांगतेय ना."

मी उघडली. बेचाळिसावा डोळा हिरवा झाला आणि टेबलावरचा पालथा फोन किण् वाजला.

"झोप: नाही. निरोप: चारही गाड्यांत हात घालून बघितलं. चौघांचीही मान गरम. गारा पडायला लागल्या आहेत, छपरावर आवाज फार, म्हणून योना गाड्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसली आहे. कुणी दचकून उठलं तर जवळ असावं. स्वेन्ड असता तर म्हणाला असता, पाचवी गाडी तुझ्यासाठी करतो."

योनाने पालथा फोन सुलटा केला.

"ही दाखव," योना म्हणाली. "एवढी एक. बाकी नको."

मग मूल काढून टाकायचं होतं. ते तिलाच करावं लागतं, तिच्या फोनवरून. बटण दाबलं की ॲप कारण विचारतं आणि यादी पुढे करतं. गाव बदललं. बालवाडी सुरू झाली. इतर. योनाचं बोट यादीवर थोडा वेळ फिरत राहिलं.

"तीन वर्षांची झाली ना?" ती म्हणाली, आणि 'बालवाडी सुरू झाली' वर टेकवलं.

एखादं मूल निघून गेलं, की त्याच्या सगळ्या नोंदींची एक फाइल ॲप पालकांना पाठवून देतं. माझ्या खिशात फोन थरथरला. योनाने तो आवाज ऐकला आणि कप विसळायला घेतले. मी बूट घालत असताना ती दारात उभी होती, आणि मला जाणवलं, की मी मुद्दाम सावकाश बंद बांधते आहे. पण हवेचं काहीतरी बोलले.

शुक्रवारी सकाळी डॉर्टेच्या टेबलावर मी दोन कागद ठेवले. वेळांचा तिने पेन फिरवत तपासला. दुसरा वाचायला तिला एवढा वेळ लागायला नको होता.

"त्या दिवशी गाड्या तपासल्याच्या नोंदी?" तिने विचारलं.

"चारही. अकरा पन्नासच्या."

"गारा पडत होत्या म्हणे."

"हो."

"आणि ही बाहेर बसलेली."

"छपराखाली."

डॉर्टेने तो कागद घडी घालून मला परत दिला. वर पाठवायच्या कागदावर तिने लिहिलं: सरावाची नोंद, प्रशिक्षण देणारीच्या चुकीने राहून गेली, आता काढली. "चूक तुझ्या नावावर टाकली आहे," ती म्हणाली. "चालेल ना?"

"माझीच आहे."

"मग बाकीच्या चारशे अकरांत काय होतं गं?"

"जेवण आणि झोप," मी म्हणाले.

योनाची चार मुलं तिच्याकडेच राहिली. त्या अर्थाने सगळं नीट झालं. पण संध्याकाळी साडेचार वाजले, की मी फोनकडे बघायला लागले. मंगळवारीच मी त्या मुलीच्या सूचना चालू करून ठेवल्या होत्या, आणि आता तिकडून काही येणार नव्हतं. यायची वाट मीच बंद केली होती. आठवडाभर मी ठरवत होते, की जाऊन यावं. पण कशासाठी जायचं? ॲप चांगलं चालत होतं. ती फाइल माझ्याकडे आहे. त्यातल्या बेचाळीस नोंदी मी वाचल्या आहेत, बाकीच्यांना हात लावलेला नाही. तिला विचारल्याशिवाय लावणारही नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी ऑफिसात तक्रारींची यादी उघडली. ॲपमध्ये काही अडलं, तर बायका तिथून आम्हाला कळवतात. सात तक्रारी होत्या. पासवर्ड विसरले, फोटो चढत नाही, नेहमीचंच. सातवी योनाची.

"प्रकार: इतर. तातडी: नाही. वर्णन: झेंड्याची दोरी वर अडकली आहे. चंद्राचा रकानाही नाही. माणूस पाठवावा."

तक्रारीपुढे भेटीची तारीख आणि वेळ भरावी लागते. भरली, की तिच्या फोनवर किण् वाजतं. मी गुरुवार घातला. वेळ घातली सोळा वीस. मग उठून खाली गेले आणि आमच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडे लांब शिडी मागितली.

"ॲपसाठी शिडी?" तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "उंच आहे जरा."